कर्नेल नवे झाले आणि नेट गेले

जालना जिल्ह्यात लिनक्स कुठे चालते असे विचारले, तर बहुतेक जण एखाद्या कॉलेजच्या संगणक विभागाचे नाव घेतील. न्यायालयाचे नाव फार थोड्यांच्या तोंडी येईल. देशातील न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी डिसेंबर २००४ मध्ये ई-समिती स्थापन झाली, २००७ मध्ये ई-कोर्ट्स प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि जिल्हा व तालुका न्यायालयांतील संगणकांसाठी उबुंटू लिनक्सची निवड झाली. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणालीसुद्धा मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि ती घडवली एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने. न्यायाधीशांना आणि कर्मचाऱ्यांना उबुंटूचे रीतसर प्रशिक्षण दिले गेले. अंबडचा किंवा भोकरदनचा पक्षकार आज मोबाइलवर आपल्या खटल्याची पुढची तारीख पाहतो, ती याच यंत्रणेतून त्याच्यापर्यंत पोहोचते.

म्हणून हा विषय मूठभर हौशी मंडळींचा राहिलेला नाही. त्यात आता आणखी एक भर पडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. शाळा, पतसंस्था, बी-बियाण्यांची दुकाने, सळईच्या कारखान्यांची कार्यालये अशा ठिकाणचे कितीतरी धडधाकट पीसी या अटींत बसत नाहीत. ते भंगारात घालण्यापेक्षा त्यांच्यावर लिनक्स टाकणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र त्या मार्गावर एक खड्डा हमखास लागतो, आणि हे पुस्तक त्या एका खड्ड्याबद्दल आहे.

संध्याकाळी अपडेट होऊन यंत्र बंद झाले. सकाळी सुरू केले तर पडदा नेहमीसारखा, फायली जागच्या जागी, फक्त नेट नाही. मग केबल काढून पुन्हा घातली जाते, राउटर बंद-चालू होतो, कनेक्शन देणाऱ्या माणसाला फोन जातो. तो सांगतो, आमच्याकडून लाइन चालू आहे. शेवटी कुणीतरी म्हणते कार्ड उडाले, आणि दुसरे कुणीतरी म्हणते फॉरमॅट मारा. ही दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा चुकीची असतात. कार्ड शाबूत असते, केबलही शाबूत असते. रातोरात बदललेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे कर्नेल, आणि त्या नव्या कर्नेलला हे कार्ड चालवणारा ड्रायव्हर मिळालेला नसतो.

या बिघाडाची खरी अडचण पुढे आहे. दुरुस्तीला लागणारे पॅकेज नेटवरून उतरवायचे असते आणि नेटच गेलेले असते. पुण्यात शेजारच्या टेबलावर जाणकार सापडतो. मंठ्यात किंवा घनसावंगीत तो जालन्याला असतो, नाहीतर जालन्याहून आणखी ६० किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरला. दोन ओळींच्या आज्ञेने सुटणाऱ्या कामासाठी अख्खे यंत्र एसटीत घालून नेणे, त्या दिवसाचे काम बुडवणे आणि वर फॉरमॅटमध्ये चांगली माहिती घालवणे हे होऊ नये, एवढ्यासाठी हा विषय मराठीत सविस्तर लिहिला जाणे गरजेचे होते.

आधी मूळ रचना पाहू. कर्नेल हा प्रणालीचा गाभा असतो. मेमरी, डिस्क, प्रोसेसर आणि सगळी कार्डे यांच्याशी थेट व्यवहार करतो तो हाच. नेटवर्क कार्डाशी बोलण्याचे काम ड्रायव्हरकडे असते आणि लिनक्समध्ये तो सहसा वेगळ्या मॉड्यूलच्या रूपात येतो. ज्या कर्नेलची जी आवृत्ती, तिच्या नावाचे वेगळे फोल्डर, आणि त्यात फक्त तिचे मॉड्यूल. शिवाय प्रत्येक मॉड्यूलवर ते कोणत्या कर्नेलसाठी बांधले त्याचा शिक्का असतो. शिक्का जुळला नाही की कर्नेल त्याला आत घेत नाही. संकरित बियाण्याची गोष्ट जालन्याला समजावून सांगावी लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको सुरू केली ती या गावात, आणि १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला तो बियाण्यांच्या कामासाठीच. संकरित वाणाचे घरी राखलेले दाणे पुढच्या हंगामाला तेच पीक देत नाहीत, बियाणे नव्याने घ्यावे लागते. बाहेरून आणून बसवलेल्या ड्रायव्हरचे असेच असते. गेल्या कर्नेलसाठी बांधलेला या कर्नेलला चालत नाही, तो नव्याने बांधावा लागतो.

असे का ठेवले असेल? १९९१ मध्ये लिनक्स जाहीर करणारे लिनस टोरवाल्ड्स एका नियमाबाबत फार कडक आहेत: कर्नेल बदलल्यामुळे वापरणाऱ्याचा चालता प्रोग्राम बंद पडता कामा नये. पण हे वचन कर्नेलच्या बाहेर चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी आहे. कर्नेलच्या पोटात ड्रायव्हर ज्या जोडण्यांनी बसवलेले असतात, त्या कायम ठेवण्याचे वचन मुद्दामच दिलेले नाही. कर्नेलच्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी याची कारणे एका टिपणात सविस्तर लिहिली आहेत आणि ते टिपण कर्नेलच्या कागदपत्रांतच समाविष्ट आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या जोडण्या जपत बसलो तर चुका आणि सुरक्षेची भोकेही जपावी लागतात. जो ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ संचात असतो, त्याची दुरुस्ती जोडणी बदलणारा माणूस स्वतःच करतो. जो ड्रायव्हर संचाबाहेर असतो, त्याची काळजी त्याच्या मालकाने घ्यायची. या पुस्तकातल्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ या एका भेदात आहे. हे धोरण योग्य आहे असेच म्हणावे लागते. त्यामुळेच वीस-वीस वर्षांपूर्वीची कार्डे लिनक्सवर आजही चालताना दिसतात. त्याची किंमत मात्र संचाबाहेरचा ड्रायव्हर वापरणारा मोजतो, आणि बऱ्याचदा आपण तसा ड्रायव्हर वापरतो आहोत हेच त्याला माहीत नसते.

स्वस्त नेटवर्क कार्डे आणि लिनक्स यांचे नाते जुने आहे. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे संगणक इथरनेटने जोडून बेओवुल्फ नावाचा महासंगणक उभा केला. महागडी यंत्रे परवडणार नव्हती म्हणून बाजारातली सामान्य कार्डे घेतली, आणि त्यांच्यासाठी बेकर यांनी एकामागून एक ड्रायव्हर लिहून सगळ्यांना खुले केले. नव्वदच्या दशकात लिनक्सवर नेट चालले त्यात या एका माणसाच्या कामाचा वाटा फार मोठा आहे. पुढे गल्लोगल्ली असेंबल होणाऱ्या पीसींमध्ये तैवानच्या रिअलटेकचे ८१३९ हे कार्ड आले आणि मग मदरबोर्डवरच ८१११ किंवा ८१६८ ही गिगाबिट चिप बसून येऊ लागली. आज एखाद्या कार्यालयातला जुना पीसी उघडला तर ही चिप सापडण्याची शक्यता मोठी.

या चिपसाठी दोन ड्रायव्हर आहेत, आणि घोळ इथून सुरू होतो. एकाचे नाव आर८१६९. तो कर्नेलच्या मूळ संचात आहे आणि ८१६८ चिपही तोच चालवतो. दुसरा आर८१६८, तो खुद्द रिअलटेकचा आणि संचाबाहेरचा. एखाद्या जुन्या कर्नेलवर पहिल्याने त्रास दिला म्हणून कुणीतरी दुसरा बसवतो. दोघांनी एकाच कार्डावर हक्क सांगू नये म्हणून तो बसताना पहिल्याला ब्लॅकलिस्टमध्ये टाकतो. सगळे छान चालते. वर्षभराने कर्नेल बदलते आणि आर८१६८ नव्या कर्नेलवर बांधला जात नाही. आर८१६९ तर तयार उभा असतो, पण ब्लॅकलिस्टने त्याचे हात बांधलेले. दोन ड्रायव्हर असून कार्डाला एकही मिळत नाही. उपाय साधा आहे. बाहेरचा ड्रायव्हर काढून टाका, ब्लॅकलिस्टची ओळ पुसा, यंत्र पुन्हा सुरू करा. पण वर्षापूर्वी कुणी काय बसवले याची नोंद कुठेच नसते, म्हणून हा साधा उपाय सापडायला दोन दिवस जातात. यंत्राच्या शेजारी एक वही ठेवा आणि बाहेरून बसवलेली प्रत्येक गोष्ट तारखेसह तीत लिहा, हा आग्रह पुढच्या प्रकरणांत वारंवार दिसेल तो याचसाठी.

ब्रॉडकॉमच्या वायफायची कथा थोडी वेगळी आहे. डेल आणि एचपीच्या अनेक जुन्या लॅपटॉपमध्ये ही चिप आहे. कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ हा ड्रायव्हर अर्धा बंदिस्त आहे आणि त्याची मूळ आवृत्ती २०१५ नंतर पुढे सरकलेली नाही. त्यानंतरच्या प्रत्येक कर्नेलसाठी डेबियन आणि उबुंटूचे स्वयंसेवक त्याला ठिगळे लावत आले आहेत. ठिगळ उशिरा आले की वायफाय गेले.

संचाबाहेरचे मॉड्यूल दर नव्या कर्नेलवर आपोआप पुन्हा बांधण्यासाठी डेलच्या अभियंत्यांनी डीकेएमएस हे साधन तयार केले. ते चांगले काम करते. मात्र त्याला नव्या कर्नेलच्या हेडर फायली आणि कंपायलर हाताशी लागतो. हेडरचे पॅकेज राहून गेले तर बांधणी फसते, आणि अपडेटच्या शेकडो ओळींत ती एक ओळ कुणी वाचत नाही. बांधणी झाली तरी पुढे सिक्युअर बूटचा पहारा असतो. सही नसलेले मॉड्यूल तो अडवतो. सहीची किल्ली नोंदवण्यासाठी रीस्टार्टच्या वेळी एक निळा पडदा येतो. तो पाहून माणूस घाबरतो, घाईने पुढे जातो आणि किल्ली नोंदवायची राहून जाते. त्या निळ्या पडद्यावर थांबायचे असते, आणि अपडेटच्या वेळी स्वतःच दिलेला पासवर्ड तिथे टाकायचा असतो.

काही वेळा ड्रायव्हर बरोबर असतो, पण कार्डाच्या स्वतःच्या चिपमध्ये चढवायचे फर्मवेअर सापडत नाही. महाराष्ट्रातच याचे एक बोलके उदाहरण आहे. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या छोट्या गावातील शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. त्यांत लिनक्स होते आणि वायफायसाठी मार्व्हेलची लिबर्टास चिप. तिचा ड्रायव्हर त्याच वर्षी २.६.२२ या कर्नेलच्या मूळ संचात दाखल झाला होता. चिपमधले फर्मवेअर मात्र कंपनीचे आणि बंदिस्त राहिले. खुला ड्रायव्हर आणि बंद फर्मवेअर अशी विभागणी आजही इंटेल, रिअलटेक आणि इतरांच्या वायफाय कार्डांत आहे. नवे कर्नेल नव्या फर्मवेअरची फाइल मागते. फर्मवेअरचे पॅकेज जुनेच राहिले तर कार्ड दिसते, ड्रायव्हर बसतो, पण वायफायचे एकही नाव पडद्यावर येत नाही. डेबियनने तर २०२२ मध्ये सभासदांचे मत घेऊन धोरण बदलले आणि जून २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच द्यायला सुरुवात केली.

नव्या कर्नेलने कार्ड खरोखर बाद केल्याचे एक प्रकरण मात्र इतिहासात आहे आणि ते प्रत्येकाने वाचावे. २००८ च्या उन्हाळ्यानंतर २.६.२७ या कर्नेलच्या चाचणी आवृत्त्या चालू असताना इंटेलची ई१०००ई ड्रायव्हरवर चालणारी कार्डे मरू लागली. कार्डावरच्या कायमस्वरूपी मेमरीतला मजकूरच पुसला जात होता, त्यामुळे जुन्या कर्नेलवर परत गेले तरी कार्ड उठत नव्हते. संशय साहजिकच नेटवर्क ड्रायव्हरवर गेला. उबुंटूने चाचणी आवृत्तीत तो ड्रायव्हर तात्पुरता बंदच केला. इंटेलच्या अभियंत्यांनी त्या मेमरीला लेखनबंदी घातली. शेवटी दोष सापडला तो भलतीकडेच, कर्नेलच्या कामाचा माग ठेवणाऱ्या एफट्रेस या सोयीत. मोकळ्या झालेल्या ज्या पत्त्यावर एक ड्रायव्हर आधी राहत होता, तिथे आता कार्डाची मेमरी जोडली गेली होती, आणि एफट्रेस जुन्या पत्त्यावरच लिहीत राहिले होते. ती सोय लिहिणारे स्टीव्हन रोस्टेड यांनी शोधात भाग घेतला आणि कारण उघड्यावर मांडले गेले. ऑक्टोबर २००८ मध्ये २.६.२७ बाहेर पडले आणि लगेचच्या दुरुस्तीत एफट्रेसचा तो भाग बंद ठेवण्यात आला. या प्रकरणापासून दोन गोष्टी घ्याव्यात. रोजच्या कामाच्या यंत्रावर चाचणीचे कर्नेल कधीही चालवू नये. आणि नेट गेले म्हणजे दोष नेटवर्क ड्रायव्हरचाच, असे धरून चालू नये.

ड्रायव्हरचा दोष नसताना नेट जाण्याची साधी उदाहरणेही आहेत. पूर्वी पहिल्या कार्डाचे नाव ‘ईटीएच०’ असे. यंत्र सुरू होताना सगळ्या सेवा उभ्या करणाऱ्या सिस्टमडीच्या जानेवारी २०१३ मधल्या १९७ व्या आवृत्तीपासून कार्डाच्या जागेवरून नाव ठरवण्याची पद्धत आली आणि ‘ईएनपी३एस०’सारखी नावे दिसू लागली. कर्नेल किंवा प्रणाली बदलली की कधीकधी नाव बदलते. स्थिर आयपी पत्ता जुन्या नावाला बांधलेला असतो, त्यामुळे कार्ड, ड्रायव्हर, केबल सगळे ठणठणीत असून नेट नसते. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या यंत्रात आणखी एक खोड आढळते. विंडोज बंद होताना काही रिअलटेक चिपना झोपवून जाते आणि लिनक्सला त्या जागवता येत नाहीत. अशा वेळी प्लग काढून यंत्र पूर्णपणे वीजमुक्त करणे एवढेच पुरते.

मग सुरुवात कुठून करायची? आधी जुन्या कर्नेलवर परत जाऊन पाहावे. उबुंटू नवे कर्नेल घालताना आधीचे पुसत नाही. यंत्र सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबची यादी आणली की ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली ते उभे असते. त्यावर नेट आले तर कार्ड, केबल, राउटर आणि कनेक्शन यांची एका फटक्यात सुटका झाली, आणि दुरुस्तीसाठी लागणारे नेटही मिळाले. या एका पायरीवर सर्वांत जास्त भर द्यायला हवा, कारण तिच्यात काही बिघडण्यासारखे नाही आणि ती अजूनही फार थोड्यांना माहीत आहे. इथेच नेट आले नाही, तर तपास दुसऱ्या दिशेला वळवायचा.

त्यानंतर ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह द्यावी. ती कार्डाचे नाव, त्याचा क्रमांक आणि सध्या कोणता ड्रायव्हर ते चालवतो आहे हे सांगते. क्रमांकाचा पहिला भाग कंपनीचा असतो. इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावावरून ८०८६ घेतला आहे, रिअलटेकचा १०ईसी आहे, ब्रॉडकॉमचा १४ई४. ‘ड्रायव्हर इन यूज’ ही ओळच नसेल तर मॉड्यूल बसलेले नाही: ब्लॅकलिस्ट पाहा, डीकेएमएसची स्थिती पाहा. ओळ आहे आणि तरी नेट नाही, तर फर्मवेअर, कार्डाचे नाव आणि वायफायचे बंद बटण यांकडे वळा. ‘डीमेसेज’मध्ये कर्नेलने स्वतः काय घडले ते लिहून ठेवलेले असते. तो मजकूर इंग्रजीत असतो म्हणून पुष्कळ जण तो ओलांडून पुढे जातात. मोबाइलने त्याचा फोटो काढून ठेवा. जाणकाराला फोनवर ‘नेट चालत नाही’ असे सांगण्याऐवजी ती एक ओळ पाठवली, तर उत्तर कित्येक पटींनी लवकर मिळते. इंग्रजीचा अडसर वाटणाऱ्यांसाठी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे मूलभूत पाठ मराठीतून केलेले आहेत. तिथे आज्ञा द्यायला शिकलेल्या माणसाला हे पुस्तक जड जाणार नाही.

जुन्या कर्नेलवरही जाता आले नाही तर खिशातला मोबाइल कामी येतो. यूएसबी केबलने तो जोडून टेदरिंग सुरू केले की अँड्रॉइड फोन संगणकाला इथरनेट कार्डासारखाच दिसतो. त्यासाठी लागणारे ड्रायव्हर कर्नेलच्या मूळ संचात आहेत, म्हणून ते कर्नेलबरोबर अद्ययावत होतात आणि क्वचितच दगा देतात. पॅकेज उतरवण्यापुरती रेंज मिळाली की काम भागते. तीही नसेल, तर दुसऱ्या यंत्रावर कर्नेलचे हेडर, कंपायलर आणि फर्मवेअर पेन ड्राइव्हवर उतरवून आणता येते.

कर्नेल नकळत बदलते हेही सांगायला हवे. उबुंटू २२.०४ ही एकच आवृत्ती, पण ती ५.१५ कर्नेलवर सुरू झाली आणि डेस्कटॉपवर पुढे ६.८ पर्यंत गेली. वापरणाऱ्याला वाटते आपण काहीच बदलले नाही. ज्या यंत्रावर एखाद्या कार्यालयाचा कारभार अवलंबून आहे, तिथे अपडेट आठवड्याच्या मध्यावर, दिवसाउजेडी आणि मोबाइल हाताशी ठेवून करावे. ते कायमचे बंद करून टाकण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो धोक्याचा आहे, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेने येतात.

दोष आपल्या यंत्राचा नसून खरोखरच नव्या कर्नेलचा निघाला तर? अशा वेळी परतूर किंवा जाफराबादच्या माणसाकडे असे काही असते, जे हेलसिंकी किंवा पोर्टलंडच्या विकासकाकडे नसते: तेच नेमके कार्ड. कर्नेलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येकीत बारा ते पंधरा हजार बदल असतात. त्यांतला नेट घालवणारा बदल शोधण्यासाठी ‘गिट बायसेक्ट’ हे साधन दरवेळी उरलेल्या बदलांचे दोन भाग करते. मधले कर्नेल बांधायचे, चालवायचे आणि नेट आले की नाही एवढेच त्याला सांगायचे. अशा सुमारे चौदा फेऱ्यांत एक बदल हाती लागतो. जुन्या यंत्रावर प्रत्येक बांधणीला तासन्‌तास लागू शकतात, म्हणून हे काम सवडीने करावे लागते. हाती आलेला बदल, चाललेल्या आणि न चाललेल्या कर्नेलचे क्रमांक, एलएसपीसीआयच्या ओळी आणि डीमेसेजचा मजकूर एवढे साहित्य असलेली तक्रार विकासकांना बाजूला सारता येत नाही. चालते ते मोडलेले चालणार नाही, हा कर्नेलचा स्वतःचाच नियम आहे. तिची दुरुस्ती आधी मुख्य कर्नेलमध्ये जाते, तिथून स्थिर आवृत्तीत उतरते आणि त्या चिपचे कार्ड असलेल्या प्रत्येक यंत्रापर्यंत पुढच्या अपडेटबरोबर पोहोचते. अशी तक्रार कशी लिहायची याचा पूर्ण नमुना पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात दिला आहे.